न सापडलेला फरक

ब्रूनो क्लॉप्फर यांच्यापुढे कागदांचे ६० संच होते. एकेका संचात एकेका पुरुषाचे शब्द होते. शाईचे डाग पाहताना त्याला काय काय दिसलं, ते त्याने सांगितलं तसं उतरवून घेतलेलं. वय सोडलं तर माणूस ओळखू येईल अशी एकही खूण कागदावर ठेवलेली नव्हती. यांतले ३० पुरुष समलैंगिक होते, ३० नव्हते. कोण कुठल्या गटातला, हे क्लॉप्फर यांना सांगितलेलं नव्हतं.

डागांची ही चाचणी हर्मन रोर्शाक या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९२१मध्ये प्रसिद्ध केली. एकूण दहा पत्ते. प्रत्येकावर कागदाची घडी घालून उमटवल्यासारखा, डावी-उजवी बाजू सारखी असलेला डाग. पाच पत्ते काळ्या-करड्या रंगातले, दोहोंत लाल रंगाची भर, उरलेले तीन रंगीबेरंगी. कुणाला त्यात वटवाघूळ दिसतं, कुणाला समोरासमोर वाकलेली दोन माणसं. उत्तर काय आलं याच्याइतकंच महत्त्व ते कसं आलं याला असतं. माणसाने अख्खा डाग पाहिला की त्याचा कोपरा, आकार पाहून बोलला की रंग पाहून, चित्रात हालचाल दिसली की नाही, यावरून परीक्षक त्याच्या मनाची ठेवण ठरवतो. अमेरिकेत या विद्येचा पाया घालणाऱ्यांत क्लॉप्फर यांचं नाव पहिल्या काहींत येतं. हिटलरच्या जर्मनीतून ते बाहेर पडले, न्यूयॉर्कला येऊन त्यांनी ही चाचणी शिकवली आणि १९३६मध्ये केवळ तिच्यासाठी एक नियतकालिक सुरू केलं.

समलैंगिकता हा मनाचा आजार आहे आणि असा आजार या चाचणीत लपूच शकत नाही, असं त्या काळी बहुतेक तज्ज्ञ मानत. विल्यम व्हीलर यांनी १९४९मध्ये रोर्शाक चाचणीतून समलैंगिक पुरुष ओळखण्याच्या २० खुणांची यादीही प्रसिद्ध केली होती. क्लॉप्फर यांना दोन कामं दिली होती. आधी प्रत्येक माणूस मनाने किती सुस्थिर आहे, याला पाचांच्या मापावर गुण द्यायचे. मग जोड्या लावून ठेवलेले संच घ्यायचे आणि प्रत्येक जोडीतला समलैंगिक कोणता ते ओळखायचं.

त्यांना ते ओळखता आलं नाही. दुसरे जाणकार मॉर्टिमर मायर यांनाही आलं नाही. डोळे मिटून नाणं उडवलं असतं तरी जितकं बरोबर आलं असतं, त्याहून त्यांचे निर्णय काही सरस ठरले नाहीत.

हा प्रयोग रचला एव्हलिन हूकर यांनी. माणसाच्या लैंगिकतेचा अभ्यास करणाऱ्या विसाव्या शतकातल्या संशोधकांत अल्फ्रेड किन्सी यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, हूकर यांचं फारसं कुणाला ठाऊक नसतं. मला मात्र त्यांचं काम जास्त धाडसाचं वाटतं. किन्सींनी हजारो माणसांना ती काय करतात हे विचारलं. हूकर यांनी एका अख्ख्या शास्त्राला विचारलं, की तुम्ही जे ठामपणे सांगता ते तुम्ही कोणाला पाहून सांगता?

२ सप्टेंबर १९०७ रोजी नेब्रास्कातल्या नॉर्थ प्लॅट या गावी त्यांचा जन्म झाला. नऊ भावंडांत त्या सहाव्या. घरची गरिबी, वडील दुसऱ्याची जमीन कसणारे. आईचं शिक्षण जेमतेम झालेलं, पण मुलीने शिकलंच पाहिजे यावर ती अडून बसली. शिक्षण एकदा मिळालं की ते कुणी काढून घेऊ शकत नाही, असं ती सांगे. शिष्यवृत्तीवर एव्हलिन कोलोरॅडो विद्यापीठात गेल्या. पुढे येल विद्यापीठात जायचं मनात होतं, पण विभागप्रमुखांनी एका बाईसाठी शिफारस करायचं नाकारलं. मग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी १९३२मध्ये डॉक्टरेट मिळवली, तीही प्राण्यांवरच्या प्रयोगांत मुरलेल्या मानसशास्त्रात. लैंगिकतेशी त्या शिक्षणाचा काडीचा संबंध नव्हता. प्रयोग काटेकोर कसा रचायचा, हे मात्र तिथे हाडात भिनलं आणि पुढे तेच कामी आलं.

नोकरी लागून दोन वर्षं होतात न होतात तोच क्षय झाला. कॅलिफोर्नियातल्या आरोग्यधामात दीर्घकाळ पडून राहावं लागलं. बऱ्या झाल्यावर १९३७-३८मध्ये शिष्यवृत्ती घेऊन त्या बर्लिनला गेल्या आणि एका ज्यू कुटुंबात राहिल्या. रस्त्यावरचा नाझी उन्माद रोज डोळ्यांपुढे होता. ज्यांच्या घरी त्या जेवल्या-झोपल्या, ती माणसं छळछावण्यांत मारली गेली, हे त्यांना नंतर कळलं. एखाद्या अख्ख्या समूहावर 'सडका' असा शिक्का मारला की त्याचं काय होतं, हे त्यांनी असं जवळून पाहिलं होतं. परत आल्यावर लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अर्ज केला, तेव्हा विभागात आधीच तीन बायका आहेत, आणखी एक नको, असं कारण पुढे आलं. प्राध्यापकपद मिळालं नाही. विद्यापीठाच्या बहिःशाल वर्गांवर शिकवण्याचं काम तेवढं मिळालं.

त्याच वर्गात १९४०च्या दशकात सॅम फ्रॉम नावाचा विद्यार्थी आला. वर्गातला सर्वांत तल्लख मुलगा. तास संपल्यावर प्रश्न विचारायला थांबायचा. हळूहळू घरोबा झाला आणि एव्हलिन व त्यांचे तेव्हाचे पती सॅमच्या मित्रमंडळींत जाऊ-येऊ लागले. लेखक, कलावंत, नोकरदार अशी ती सगळी माणसं. सॅम समलैंगिक होता, त्याचे मित्रही. आधी त्यांनी ते लपवून ठेवलं. या बाई आपल्याला तोलत नाहीत, याची खात्री पटल्यावर लपवणं सोडून दिलं. सॅन फ्रान्सिस्कोला सगळे मिळून गेले असताना सॅमने विषय काढला. आम्ही जसे आहोत तसे तुम्हाला दिसू दिलं. आता आमच्यासारख्यांचा अभ्यास करणं हे शास्त्रज्ञ म्हणून तुमचं कर्तव्य आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

एव्हलिन बिचकल्या. ही माणसं माझे मित्र आहेत, मी तटस्थ कशी राहणार, अशी त्यांची अडचण होती. सॅमने पिच्छा सोडला नाही. विद्यापीठात त्यांच्याच खोलीत बसणाऱ्या सहकाऱ्याशी त्यांनी सल्लामसलत केली, तर तो खुर्चीतून उठून, हे तुम्ही केलंच पाहिजे, म्हणाला. हा सहकारी म्हणजे ब्रूनो क्लॉप्फर. क्लॉप्फर यांचं म्हणणं असं, की आपल्याला जे समलैंगिक ठाऊक आहेत, ते सगळे उपचारांसाठी आलेले. बाकीच्यांविषयी आपल्याला काहीच माहिती नाही.

सगळ्याचं मर्म याच वाक्यात आहे. मानसोपचारतज्ज्ञांकडे कोण येणार? जो त्रासात आहे तो, किंवा न्यायालयाने, लष्कराने, घरच्यांनी धरून पाठवलेला. अशा माणसांत दुःख, भीती, व्यसनं, आत्महत्येचे विचार आढळले, की तज्ज्ञ ते समलैंगिकतेच्या खात्यावर मांडत. दवाखान्याची पायरीही न चढता नोकरी-संसार करणारा, मजेत जगणारा समलैंगिक पुरुष त्यांच्या नजरेस कधी पडतच नव्हता. इतर पुरुषांची पारख आपण केवळ मनोरुग्णालयातल्या पुरुषांवरून करत नाही. इथे मात्र शेकडो शोधनिबंध तसेच लिहिले गेले होते.

काम सुरू झालं आणि मागेही पडलं. घटस्फोट झाला, मग १९५१मध्ये इंग्रजीचे प्राध्यापक एडवर्ड हूकर यांच्याशी विवाह झाला. ज्या वर्षी एव्हलिन यांनी काम पुन्हा हाती घेतलं ते वर्ष होतं १९५३. अमेरिकेत कम्युनिस्ट शोधून काढण्याचं वेड शिगेला पोचलेलं आणि त्याच्याच जोडीने समलैंगिकांची सरकारी नोकऱ्यांतून हकालपट्टी चाललेली. आयझेनहॉवर यांनी त्याच वर्षी काढलेल्या आदेशाने 'लैंगिक विकृती' हे नोकरीतून काढण्याचं कारण ठरवलं. आदल्या वर्षी अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने मानसिक आजारांची पहिली अधिकृत सूची छापली होती, तिच्यात समलैंगिकतेला समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकारांत बसवलं होतं. समलैंगिक संबंध देशाच्या प्रत्येक राज्यात गुन्हा होता. उपचार म्हणून विजेचे झटके दिले जात, मेंदूवर शस्त्रक्रियाही केल्या जात.

अशा दिवसांत या बाईंनी राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेकडे अनुदान मागितलं, तेही आजारी नसलेल्या समलैंगिक पुरुषांचा अभ्यास करण्यासाठी. अनुदान विभागाचे प्रमुख जॉन एबरहार्ट, ही व्यक्ती कोण आहे हे पाहायला स्वतः कॅलिफोर्नियाला आले आणि दिवसभर त्यांच्याशी बोलत बसले. आम्ही मंजूर करू, पण वरून कुठूनतरी ते थांबेल आणि का थांबलं हे तुम्हालाही कळणार नाही, आम्हालाही, अशी त्यांनी स्पष्ट कल्पना दिली. अनुदान मिळालं.

आता माणसं हवी होती. समलैंगिक पुरुष मिळवणं तुलनेने सोपं गेलं. सॅमचे मित्र होते, आणि लॉस एंजेलिसमध्येच १९५०मध्ये सुरू झालेल्या मॅटाचीन सोसायटी या समलैंगिकांच्या संघटनेने मदत केली. तरी त्या माणसांनी पत्करलेली जोखीम लहान नव्हती. नाव फुटलं असतं तर नोकरी गेली असती, तुरुंगही दूर नव्हता. विद्यापीठाच्या इमारतीत त्यांना बोलावणं अशक्यच. हूकर यांच्या सॉल्टेअर अॅव्हेन्यूवरच्या घराला मोठी बाग होती आणि बागेत स्वतंत्र अभ्यासिका होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेत न येता तिथे पोचता येई. दार लावून, टेपरेकॉर्डर सुरू करून मुलाखती चालत. कोणाचं नाव काय, हे हूकर यांच्याखेरीज कुणाला कळायचं नाही आणि शेवटपर्यंत कळलंही नाही.

खरी दमछाक झाली ती इतर पुरुष मिळवताना. समलैंगिकतेवरच्या अभ्यासात भाग घेतला म्हणजे लोक आपल्याकडेच संशयाने बघणार, या धास्तीने पुरुष पुढे येईनात. सामाजिक संस्थांमधून विचारून झालं, कामानिमित्त दारी आलेल्यांना विचारून झालं. सॉल्टेअर अॅव्हेन्यूवर आता एकही पुरुष सुरक्षित नाही, असं एडवर्ड गमतीने म्हणत. अखेर ३० जण मिळाले. प्रत्येक समलैंगिक पुरुषासाठी वय, शिक्षण आणि बुद्ध्यंक यांत त्याच्याशी जुळणारा एकेक. दोन्ही गटांतून, ज्याच्यावर मानसिक उपचार चालू होते त्याला वगळलं.

तीन चाचण्या घेतल्या. पहिली रोर्शाकची. दुसरीत संदिग्ध चित्रं दाखवून त्यांवर गोष्ट रचायला सांगतात. तिसरीत मोकळ्या पार्श्वभूमीवर माणसांच्या कापलेल्या आकृत्या मांडून गोष्ट उभी करायची असते. ही तिसरी चाचणी एडविन श्नाइडमन यांनी तयार केली होती. आत्महत्येच्या प्रतिबंधाचं शास्त्र उभं करणारे म्हणून ते पुढे जगभर नावाजले गेले. गोष्टींच्या दोन्ही चाचण्या तपासण्याचं काम त्यांच्याकडे होतं.

या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे हूकर यांनी स्वतःला निवाड्यातून पूर्ण बाजूला केलं. मित्रांबद्दल माझं मत चांगलं असणारच, हे त्यांना कळत होतं. म्हणून निवाडा त्यांनी अशा तिघांच्या हाती दिला, ज्यांच्या अधिकाराबद्दल कुणी ब्र काढू शकलं नसतं, आणि त्यांच्यापासून गट लपवून ठेवले. औषधं तपासताना आज हे सर्रास करतात. त्या काळी समलैंगिकतेच्या बाबतीत मात्र माणूस समोर बसवून, तो समलैंगिक आहे हे ठाऊक असतानाच, त्याचं निदान केलं जाई.

रोर्शाकच्या आधारे दोन्ही गटांतले दोन तृतीयांश पुरुष सर्वसाधारण किंवा त्याहून चांगले सुस्थिर ठरले. अगदी वरचे गुण मिळवणारे दोन्हीकडे निघाले, तळाचेही दोन्हीकडे. श्नाइडमन यांनाही दोन गटांच्या सुस्थिरतेत लक्षणीय फरक आढळला नाही. एक गोष्ट हूकर यांनी निबंधात जशीच्या तशी सांगून टाकली: गोष्टींच्या चाचण्यांत समलैंगिक पुरुष ओळखू येत होते, कारण त्यांतल्या बहुतेकांनी निदान एका चित्रावर तरी पुरुषांच्या प्रेमाची उघड गोष्ट रचली होती. माणूस कुणावर प्रेम करतो हे त्याच्या गोष्टीत उतरलं. त्याचं मन बिघडलेलं आहे, हे मात्र कुठेच उतरलं नाही.

१९५६मध्ये शिकागोला अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांनी हे निष्कर्ष मांडले. पुढच्या वर्षी निबंध छापून आला, क्लॉप्फर यांनी सुरू केलेल्या नियतकालिकातच. मधल्या काळात त्याचं नाव बदललं होतं. ज्याच्या हट्टातून हे सगळं उभं राहिलं तो सॅम फ्रॉम तोवर मोटार अपघातात गेला होता. १९५७च्या सुरुवातीला एडवर्डही हृदयविकाराने गेले. हूकर कामात राहिल्या.

जाणकार म्हणवणारी इतकी माणसं इतकी वर्षं चुकत कशी राहिली? ज्यांना पाहायचं त्यांची निवडच एकांगी, हे कारण वर आलंच. हूकर यांच्या निबंधानंतर पाच वर्षांनी, १९६२मध्ये, आयर्व्हिंग बीबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं पुस्तक आलं. १०६ समलैंगिक पुरुषांची १०० इतर पुरुषांशी तुलना करून, समलैंगिकता ही विकृती असल्याचं त्यात ठासून सांगितलं होतं. हे सगळे पुरुष मनोविश्लेषकांचे रुग्ण होते आणि त्यांच्याविषयीच्या प्रश्नावल्या त्यांच्या मनोविश्लेषकांनीच भरल्या होत्या. हूकर यांनी बंद केलेली प्रत्येक फट इथे उघडी होती. तरीही पुढची दहा वर्षं अमेरिकेत दबदबा राहिला तो बीबर यांच्या पुस्तकाचा.

दुसरं कारण जास्त खोल आहे, आणि ते १९६९मध्ये लॉरेन आणि जीन चॅपमन या दांपत्याने प्रयोगातून दाखवलं. रोर्शाक चाचणीत समलैंगिकतेच्या कोणत्या खुणा तुम्हाला दिसतात, असं त्यांनी ३२ व्यावसायिक मानसशास्त्रज्ञांना विचारलं. ऐकायला पटतील अशाच खुणा त्यांनी सांगितल्या, उदाहरणार्थ डागात बायकी कपडे दिसणं. संशोधनात त्या खुणा खोट्या ठरल्या होत्या. मग चॅपमन दांपत्याने ही विद्या अजिबात न शिकलेल्या विद्यार्थ्यांना पत्ते, उत्तरं आणि उत्तर देणाऱ्यांविषयीची माहिती दाखवली. जोड्या मुद्दाम अशा लावल्या होत्या की उत्तराचा आणि माणसाचा काहीही संबंध नसावा. विद्यार्थ्यांनाही त्यात त्याच खुणा 'दिसल्या'. म्हणजे तज्ज्ञ ज्याला अनुभव म्हणत होते, तो शेजारपाजारच्या समजुतींहून वेगळा नव्हता. वर्षानुवर्षांच्या अनुभवाने समजूत दुरुस्त झाली नाही, ती उलट पक्की होत गेली.

हूकर यांच्या अभ्यासालाही मर्यादा आहेत. गट लहान, स्वेच्छेने आलेल्यांचा, फक्त पुरुषांचा. सगळे समलैंगिक पुरुष कसे असतात, हे अशा नमुन्यावरून सांगता येत नाही, आणि हूकर यांनी तसं सांगितलंही नाही. या अभ्यासावर टीका करणारे आजही इथेच बोट ठेवतात. पण खोडून काढायचा होता तो दावा असा होता, की समलैंगिक माणूस आजारी असतोच. अशा सरसकट दाव्याला मनाने धडधाकट असलेले २० काय, तीनही पुरतात.

१९६७मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने समलैंगिकतेवर अभ्यासगट नेमला आणि अध्यक्षपद हूकर यांना दिलं. समलैंगिक संबंधांना गुन्हा मानणारे कायदे आणि नोकरीतला भेदभाव यांविरुद्ध १९६९मध्ये या गटाने शिफारशी केल्या. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल इन या बारमध्ये पोलिसी छाप्याविरुद्ध लोक उठले आणि चळवळीचा सूरच बदलला. फ्रँक कामेनी, बार्बरा गिटिंग्ज यांच्यासारखे कार्यकर्ते सायकियाट्रिक असोसिएशनच्या अधिवेशनांत शिरून जाब विचारू लागले. त्यांच्या हाती हूकर यांचा निबंध होता. अभ्यासगटात हूकर यांच्याबरोबर काम केलेले जड मार्मर असोसिएशनच्या आतून लढले. १५ डिसेंबर १९७३ रोजी असोसिएशनच्या विश्वस्तांनी समलैंगिकता आजारांच्या सूचीतून काढली. विरोधकांनी सदस्यांचं मतदान घ्यायला लावलं, तेव्हा ५८ टक्क्यांनी निर्णय उचलून धरला. एखादी गोष्ट आजार आहे की नाही हे मतपेटीने ठरवावं लागलं, असा टोमणा अजून मारला जातो. तो मारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की ती मुळात सूचीत गेली तेव्हा हूकर यांच्यासारखा एकही अभ्यास कुणी पुढे ठेवला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेला हेच करायला १९९० उजाडलं.

भारतातही ही वाट न्यायालयापर्यंत येऊन पोचली. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार मानसिक आजार ठरवताना मान्यताप्राप्त वैद्यकीय निकष लावावे लागतात. कलम ३७७ अन्वये प्रौढांचे संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा मानणं सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं, तेव्हा न्या. नरिमन यांनी २०१७च्या या कायद्याचा आधार घेतला. तरी मुलगा किंवा मुलगी 'बरी' करून द्या म्हणून आजही आईबाप डॉक्टरांकडे येतात आणि पैसे घेऊन तसं करून देतो म्हणणारेही भेटतात. असं करणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये जाहीर केलं आहे, हे पालकांना कुणीतरी दारात थांबवून सांगायला हवं.

१९७०मध्ये निवृत्त झाल्यावर हूकर यांनी सँटा मोनिकात स्वतःचा दवाखाना थाटला. त्यांच्याकडे येणाऱ्यांत समलैंगिक स्त्री-पुरुष पुष्कळ असत. घरच्यांनी मनोरुग्णालयात टाकलेल्या एका तरुणीने त्यांना भेटून सांगितलं, की तिथल्या डॉक्टरांना हूकर यांचं काम ठाऊक होतं म्हणून आपले विजेचे झटके टळले. १९९२मध्ये त्यांच्यावर निघालेल्या अनुबोधपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं. १८ नोव्हेंबर १९९६ रोजी, ८९व्या वर्षी त्या गेल्या.

त्यांच्या अभ्यासात भाग घेतलेल्यांपैकी एक होते वेन प्लॅसेक. त्यांनी मृत्युपत्रात मोठी रक्कम ठेवली, ती मानसशास्त्राच्या संशोधनासाठी. समलैंगिक स्त्री-पुरुषांविषयी समाजाची समज वाढवणाऱ्या अभ्यासांना त्या निधीतून अनुदान मिळतं. अर्ज करणाऱ्या तरुण संशोधकांना त्यासाठी एबरहार्ट यांच्यासारख्या कुणाची वाट पाहावी लागत नाही.